कपाटाच्या चकत्या

मनीषनगर, नागपूर
३ जून २०२५

चि. नूपुर,
अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. म्हणून शेवटी कागद घेतला.

वैभवीचा हात कसा आहे? प्लास्टरच्या आत खाज सुटते का? झोप लागते का? एवढं तरी कळव. त्या दिवशी तू नाशिकहून मिळेल त्या गाडीने आलीस आणि आल्या पावली तिला घेऊन निघालीस. चहालाही थांबली नाहीस. तुझा राग समजतो मला. आठ वर्षांची पोर तू सासू-सासऱ्यांच्या भरवशावर सुट्टीला ठेवलीस आणि तिच्या अंगावर कपाट आलं. मीही आई आहे.

झालं ते सांगते, कारण तू ऐकायला थांबलीच नाहीस. दुपारी ती तिच्या खोलीत वरच्या खणातला रंगांचा डबा काढत होती. मी स्वयंपाकघरात होते. कडकड आवाज आला आणि मागोमाग पुस्तकं कोसळल्याचा. हे धावत गेले, तिला ओढलं, म्हणून डोकं वाचलं. हात फळीखाली राहिला. ह्यांच्या पाठीवरही एक फळी बसली, पण ते कोणाला सांगत नाहीत.

कपाट जुनं झालं होतं, ढिलं पडलं असेल. आपल्या अनिशने ती तीन कपाटं खोक्यातून सुटी मागवून स्वतः जोडली त्याला पाच वर्षं होत आली. एक तू नाशिकला नेलंस, दोन इथे आहेत. पडलेल्याचे नवे भाग आणून मी ते पक्कं करून घेते. दिवाळीच्या सुट्टीत वैभवी येईल तेव्हा काळजीचं काही उरणार नाही.

नानांचा आशीर्वाद.

तुझी,
आई

---

नाशिक
१२ जून २०२५

ती. आई,
सा. नमस्कार.

फोनवर मी ओरडले असते, म्हणून उचलला नाही. लिहिताना निदान थांबता येतं.

वैभवीच्या मनगटाजवळचं हाड मोडलंय. प्लास्टर कोपरापर्यंत आहे. डॉक्टर म्हणतात, जुळेल. पण हात हा एकच प्रश्न नाही. ती स्वतःच्या खोलीत झोपत नाही. संध्याकाळ झाली की माझ्या पलंगावर येऊन बसते. खोलीतून वही आण म्हटलं तरी दारातून हात लांब करून घेते आणि पळते. तुमच्या घरातून ही भीती घेऊन आलीय ती.

‘जुनं झालं होतं, ढिलं पडलं असेल’ असं तुम्ही लिहिता. आई, मी त्या दिवशी खोलीत गेले होते. फळ्या तशाच पडलेल्या होत्या. त्यांना खालच्या बाजूने जी गोल भोकं असतात ना, ज्यांत त्या धातूच्या चकत्या बसतात आणि फळीला बाजूच्या उभ्या फळीशी धरून ठेवतात, ती भोकं रिकामी होती. चकत्या तुटलेल्या नव्हत्या, ढिल्या नव्हत्या. नव्हत्याच. हे तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही मला लिहिलं नाहीत.

दोन्ही कपाटं घराबाहेर काढा. ती असेपर्यंत वैभवी नागपूरला येणार नाही. दिवाळीलाही नाही.

नानांच्या पाठीचा एक्स-रे काढा. त्यांना सांगू नका, घेऊनच जा.

नूपुर

---

मनीषनगर, नागपूर
२१ जून २०२५

चि. नूपुर,
आशीर्वाद.

हो, माहीत होतं. मिस्त्रीने दुसऱ्याच दिवशी दाखवलं. तू आणखी भडकशील म्हणून लिहिलं नाही.

ह्यांचा एक्स-रे काढला. मुका मार आहे.

चकत्या शोधून राहिले आहे मी. ज्या कंपनीचं कपाट होतं तिने इकडची विक्री केव्हाच बंद केली, फोन लागत नाही. मिस्त्री म्हणाला, बाजारात भेटते तशी चकती चालणार नाही, भोक जरा लहान आहे आणि खोलीही कमी. आम्ही दोघं इतवारीत गेलो. ऊन असं की रस्त्यावर पाय ठेववत नव्हता. एका हार्डवेअरवाल्याने फळीचा तुकडा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, “हे काही भेटणार नाही जी तुम्हाले. पूरं कपाटच नवं घ्या ना, एवढ्याशा चकतीसाठी काहून फिरून राहिले?” ह्यांनी तुकडा पिशवीत ठेवला आणि पुढच्या दुकानात गेले. महाल भागात दोन दुकानं पाहिली, तिथेही नाही.

आता चकत्या गेल्या कुठे ते. खोलीत रोज जाणारी माणसं तीन. मी, हे आणि रंभाबाई. झाडताना चकत्या निघाल्या असतील, तिने गोळा करून भंगारात घातल्या असतील, असं माझ्या मनात आलं आणि मी बोलले. ती झाडू तिथेच ठेवून उभी राहिली. “मले चोर म्हनता का बाई?” म्हणाली. मी म्हटलं, चोर नाही म्हणत, पण चकत्यांना पाय फुटत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. न येण्यातच काय ते कळलं.

कपाटं मी टाकणार नाही. लॉकडाउनमधले ते दिवस आठव. अनिश जमिनीवर बसून जोडत होता आणि तीन वर्षांची वैभवी तळहातावर चकत्या घेऊन उभी होती. एक दे, म्हणाला की एक द्यायची. या घरात त्याच्या हातचं दुसरं काय राहिलंय? तू तर त्याचे कपडेसुद्धा वाटून टाकलेस.

आई

---

नाशिक
२ जुलै २०२५

ती. आई,
सा. न.

रंभाबाईंनी चकत्या घेतल्या नाहीत. अनिश गेला तेव्हा तेरा दिवस आपल्या घरचा स्वयंपाक त्यांनी केला. त्यांना असं बोलववलं कसं तुम्हाला?

कपडे मी वाटले कारण वैभवी कपाटात तोंड खुपसून बसायची, उठायची नाही. तेव्हाही मी सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत.

प्लास्टर निघालंय. हात बारीक झालाय, व्यायाम चालू आहे. मी तिला सहज विचारलं, दिवाळीला आजीकडे जायचं का? ती पाटीवर रेघा ओढत होती. मान वर न करता म्हणाली, “मला नागपूरला जायचं नाही. कधीच.” मी तिला काहीही शिकवलेलं नाही. वाटलं तर तिच्याशी फोनवर बोला, पण त्या कपाटाचं नाव काढू नका. मागे मी काढलं तर तिला उलटी झाली.

आई, कपाटं टाका. हे मी शेवटचं सांगतेय. अनिश वस्तूंत नाही.

येत्या काही आठवड्यांत माझ्या इथे काही बदल होणार आहेत. ते पत्रात लिहायचे नाहीत. भेटीत सांगेन.

नूपुर

---

मनीषनगर, नागपूर
१५ जुलै २०२५

नूपुर,

तुझे बदल मला जितेंद्रकडून कळले. अनिशचा मित्र तो, त्याला वाटलं आम्हाला ठाऊक आहे. “काकू, सौरव चांगला माणूस आहे, तुम्ही काळजी करू नका,” असं म्हणाला. मी दारात उभी होते. त्याला बस म्हणायचंही सुचलं नाही.

म्हणजे कपाट हे निमित्त. आधी कपाट टाका, मग वैभवी दिवाळीला नाही, मग उन्हाळ्यात नवं घर, नवी माणसं. हळूहळू आम्ही गेलोच. सरळ लिहायचं होतंस ना, की आता तुमची गरज नाही. एवढ्याशा पोरीच्या तोंडी “कधीच” हा शब्द आपोआप येतो का?

मी फोन केला होता तिला. “हो आजी, नाही आजी,” एवढंच बोलली. कपाटाचं नाव मी काढलं नाही. तिनेच विचारलं, “आजी, दुसरं कपाट उभं आहे का अजून?” हो म्हटलं, तर रडायला लागली आणि फोन ठेवला. इतकी भीती तिच्या मनात कोणी भरली?

तुला वाटत असेल, म्हातारी काही बोलत नाही म्हणजे तिला काही कळत नाही. चार वर्षं मी गप्प आहे. त्या संध्याकाळी एवढा पाऊस होता. अजनी स्टेशनवरून तू रिक्षाने आली असतीस तर अनिश गाडी काढून वर्धा रोडला गेला नसता. तुला घ्यायला निघाला होता माझा मुलगा. हे मी तुला कधी म्हटलं नाही. आज म्हणते.

लग्न कर. तुझं आयुष्य आहे. पण माझ्याकडून माझी नात काढून घेऊ नकोस.

प्रेमलता

---

नाशिक
२४ जुलै २०२५

आई,

पत्र मिळालं.

सौरवचं आणि माझं लग्न परवा रजिस्टर झालं. तुम्हाला आधी येऊन सांगायचं होतं. तिकिटं काढली होती. तुमचं पत्र आलं आणि ती रद्द केली.

जे तुम्ही लिहिलंत ते मला चार वर्षं तुमच्या डोळ्यांत दिसत होतं. लिहिल्याने निदान खात्री झाली.

यापुढे फोन नको. पत्रही नको. नानांना नमस्कार.

नूपुर

---

मनीषनगर, नागपूर
१६ सप्टेंबर २०२५

चि. सौ. नूपुर,
अनेक आशीर्वाद.

पत्र नको म्हणाली होतीस, तरी लिहून राहिले आहे. फोन लागत नाही, तू नंबर बंद केला असशील. हे स्पीड पोस्टाने पाठवते. फाडायच्या आधी पूर्ण वाच. तुझं माझं मागून बघू. आधी तुझ्याकडचं कपाट बघ.

काल जितेंद्र मला मिहानमध्ये घेऊन गेला. तिथे एका कंपनीने ऑफिस बंद केलं आहे आणि फर्निचर विकायला काढलं आहे. त्यात अगदी आपल्यासारखी कपाटं ओळीने उभी. जितेंद्रला मी चकत्यांचं सांगून ठेवलं होतं, तो विसरला नव्हता. तिथल्या माणसाने एक कपाट रिकामं केलं. मी त्याला म्हटलं, दादा, आधी हलवून दाखवा, चकती गळते का. त्याने हलवलं, आडवं केलं, खालून ठोकलं. एकही पडली नाही. मग पेचकस लावून अर्धा वेढा फिरवला, तेव्हा चकती टपकन त्याच्या तळहातावर आली.

नूपुर, त्या आपोआप निघत नाहीत. झाडूनेही निघत नाहीत. कोणीतरी खाली बसून, पेचकस लावून काढल्या.

परतताना माझ्या मनात आलं ते लपवत नाही. वाटलं, तूच काढल्या असशील, तुझ्या कपाटाला हव्या होत्या म्हणून. मग दुसरा विचार आला, जो हात एका कपाटाखाली गेला तो तिन्हींखाली गेला असेल तर? इथल्या दुसऱ्या कपाटाखाली घरी येऊन हात घातला, तर त्याच्याही अर्ध्या चकत्या नाहीत. ते अजून भरलेलं उभं होतं. आम्ही दोघांनी लगेच सगळं उतरवलं. आणि तिसरं कपाट तुझ्याकडे आहे, वैभवीच्या पलंगाशेजारी. तूच फोटो पाठवला होतास.

कोणी काढल्या, काहून काढल्या, मला ठाऊक नाही. माझी काही चूक असेल तर ती माझ्या पदरी टाक. पण आधी हात घालून बघ. चकती कशी दिसते ते कळावं म्हणून सोबत एक पाठवते आहे, मिहानमधली. प्रत्येक फळीच्या खाली, दोन्ही टोकांना हवी. नसेल तर पोरीला त्या खोलीत जाऊ देऊ नकोस.

मिळाल्याचं एका शब्दाने कळव. नाही तर मी गाडीत बसते.

आई

---

नाशिक
२१ सप्टेंबर २०२५

ती. आई,
सा. नमस्कार.

काल नानांना फोन करून ‘सगळे ठीक आहोत’ एवढंच सांगितलं, कारण पुढचं मला बोलता येईना. आता लिहिते.

तुमचं पाकीट काल दुपारी आलं. अक्षर पाहून फाडणारच होते. आतलं काहीतरी टेबलावर घरंगळलं, म्हणून उघडलं. वाचत वाचतच वैभवीच्या खोलीत गेले आणि मधल्या फळीखाली हात घातला. भोक रिकामं. दुसरं रिकामं. तिसऱ्यात एक होती, बोट लागताच ती फिरली. माझ्या डोक्यावर वर्षभराच्या फायली, तिची पुस्तकं, वरती इस्त्रीचा डबा. मी हाक मारली, तर सौरव आला आणि म्हणाला, “हलू नकोस. मी धरलंय, तू खालून निघ.” त्याने दोन्ही बाजूंनी कपाट भिंतीशी दाबून धरलं. मी एकेक वस्तू उतरवली. शेवटचा खण रिकामा झाला तेव्हा त्याने हात सोडले आणि ते कपाट, काही नसताना, हळूच एका अंगाला कललं. खाली तिची उशी होती.

आई, तुमच्या घरातून भीती घेऊन आली असं मी तुम्हाला लिहिलं. ती माझ्याच घरातल्या कपाटाला घाबरत होती. त्या खोलीत तिने झोपू नये, असं तिला एकटीला कळत होतं.

वळून पाहिलं तर ती दारात. टेबलावरची चकती तिच्या हातात. म्हणाली, “ही बाबाची नाही. ही नवी आहे.”

मी विचारलं, “बाबाच्या कुठे आहेत?”

ती गेली आणि शाळेच्या जुन्या मोज्याला गाठ मारलेली एक पुरचुंडी घेऊन आली. पलंगावर ओतली. सगळ्या चकत्या. तुमच्या दोन कपाटांच्या आणि या एकाच्या.

मी ओरडले नाही. सौरव खाली बसला होता, त्याच्याकडे बघून माझाही आवाज खाली आला. तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते.

“तू म्हणालीस आपण सौरवकाकाकडे राहायला जाणार आणि हे कपाट विकणार. बाबाची पेटी तू मामाकडे ठेवलीस. आजीकडे सगळं बाबाचं आहे, पण आजी म्हणते हात लावू नको. या कोणाला दिसतच नव्हत्या. मला वाटलं, या घेतल्या तर कोणाला कळणार नाही.”

इथल्या तिने एप्रिलमध्ये काढल्या, मी कपाटाचा फोटो विकायला टाकला त्या दिवसांत; गिऱ्हाईक मिळालं नाही आणि ते इथेच राहिलं. तुमच्याकडच्या मेमध्ये, तुम्ही दुपारच्या झोपेत असताना, नानांच्या पेचकसाने. कपाट पडेल असं तिला वाटलंच नव्हतं. पडल्यावर तिने इथल्या चकत्या परत बसवायचा प्रयत्न केला. प्लास्टरच्या हाताने जमेना. मला सांगितलं असतं, तर आजीला कळलं असतं की रंभाबाईंनी नाही, तिने काढल्या. रंभाबाईंबद्दलचं तुमचं पत्र तिने टेबलावरून घेऊन वाचलं होतं. म्हणून “कधीच नाही.”

चार महिने एवढं पोटात घेऊन ती शाळेत जात होती, आणि मी तुमच्याशी भांडत होते.

रंभाबाईंकडे आज जा. माझं पत्र दाखवा हवं तर.

तुम्ही लिहिलं नसतंत तर काय झालं असतं, ते मी लिहीत नाही.

नूपुर

---

मनीषनगर, नागपूर
२९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. नूपुर,
आशीर्वाद.

पत्र ह्यांनी मोठ्याने वाचलं. “हात लावू नको” इथे थांबले आणि चष्मा काढला. मी ते वाक्य किती वेळा म्हटलं असेन, मला मोजता येणार नाही. अनिशचं घड्याळ, अनिशची बॅट, अनिशचा कंपास. पोरगी दारात उभी राहून बघायची आणि मला वाटायचं, मी जपून राहिले आहे.

रंभाबाईच्या घरी गेले. सोमलवाड्यात तिचं घर आहे, मी नऊ वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. तिने खुर्ची दिली, स्वतः उंबऱ्यात बसली. मी सगळं सांगितलं, माझं चुकलं म्हटलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “बाई, चकत्या गेल्या त्याचं नाई वाटलं. तुमी मले इचारलं नाई, सांगितलं. तेच लागलं.” मी पुन्हा कामावर ये म्हटलं. तिने मान हलवली. दुसरीकडे काम धरलं आहे तिने, आणि आमच्याकडे आता येववणार नाही म्हणाली. निघताना विचारलं, “पोरीचा हात सीधा झाला का वं?” मी हो म्हटलं आणि रस्त्यावर येऊन रडले.

कपाटं आडवी ठेवली आहेत. मिहानमधून पुरेशा चकत्या आणल्या आणि भिंतीत ठोकायच्या लोखंडी पट्ट्याही, ज्या अनिशच्या हातून राहूनच गेल्या होत्या. पण वैभवी म्हणेल तरच उभी करू. ती म्हणाली नको, तर विकू. तिच्या मोज्यातल्या तिच्याच राहू देत. त्या मागू नकोस, मीही मागणार नाही.

तिला सांग, आजी रागावली नाही. नुसतं सांगू नकोस, हे पत्र तिला वाचायला दे.

आई

---

नाशिक
७ ऑक्टोबर २०२५

ती. आई,
सा. न.

वैभवीने पत्र वाचलं, दोनदा. मग विचारलं, “पट्ट्या कोण ठोकणार?” याचा अर्थ ती येणार.

दिवाळीत चार दिवस येतो. सौरवही असेल. तुम्हाला ते जड जाणार असेल तर आत्ताच सांगा, आम्ही ताईकडे उतरू. दारात गेल्यावर वैभवीला काही दिसायला नको.

आणखी एक. कपाटाबद्दल आपण बोललो, रंभाबाईंबद्दल बोललो. जुलैतल्या पत्राबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. मीही लिहीत नाही. पण मी ते विसरलेली नाही, हे तुम्हाला माहीत असावं.

नूपुर

---

मनीषनगर, नागपूर
२८ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. नूपुर,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं सौरवने नानांना कळवलं. “पोचलो बरं का, काका” असं म्हणाला म्हणे. काका ठीक आहे. एकदम काही दुसरं म्हणायची गरज नाही.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. राहिली नाही, मी ठेवली. तू होतीस तेव्हा माझी जीभ उचलली नाही.

पाडव्याच्या दुपारी तू आणि सौरव तुझ्या ताईकडे गेला होतात. हे आणि वैभवी खोलीत कपाट जोडत होते. मिस्त्रीने पट्ट्या ठोकून दिल्या होत्या, चकत्या फिरवायचं काम तिने स्वतःकडे घेतलं होतं. मी फराळाचा डबा घेऊन गेले. ती कपाटाखाली उताणी पडली होती. तिथूनच तिने विचारलं,

“आजी, बाबाच्या गाडीचं काय निघालं होतं?”

मला कळलंच नाही. म्हटलं, “कुठल्या गाडीचं?”

“बाबा पडला ना, त्या गाडीचं. कोणी काय काढलं होतं?”

ह्यांनी हातातली फळी खाली ठेवली. मी खाली बसले. म्हटलं, “काही निघालं नव्हतं बाळा. गाडी चांगली होती. पाऊस होता, रस्त्यावर पाणी होतं, समोरून ट्रक आला.”

ती बाहेर सरकून उठून बसली. केसांत लाकडाचा भुसा होता. माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, “मग चूक कोणाची होती?”

नूपुर, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे चार वर्षं तयार होतं. जुलैमध्ये मी ते तुला लिहूनही पाठवलं. आणि आता तिच्यासमोर ते माझ्या तोंडून निघेना. पोरगी मे महिन्यापासून स्वतःला विचारून राहिली होती की पडलं ते कोणामुळे पडलं. तिला मी काय सांगणार होते? की तुझ्या आईने स्टेशनवर बोलावलं म्हणून? घरी न्यायला बोलावण्यात काय चूक असते? अनिशला तर तुला आणायला जायला आवडायचं. निघताना शीळ घालत जिना उतरला होता. ते मी तुला कधी सांगितलं नाही. ते मी स्वतःलाही आठवू देत नव्हते.

मी म्हटलं, “कोणाचीच नाही.”

“आईची पण नाही?”

हे तिने कुठे ऐकलं, मला विचारायची हिंमत झाली नाही. कदाचित माझंच पत्र. कदाचित तू झोपेत बोललीस.

मी म्हटलं, “आईची तर मुळीच नाही.”

तिने पेचकस उचलला. मग पुन्हा कपाटाखाली सरकली आणि आतून म्हणाली,

“मग तू हे तिला सांग ना. तिला वाटतं, तुला तिचीच चूक वाटते.”

म्हणून लिहून राहिले आहे.

तुझी,
आई